ग्रहांची छायाचित्रे आणि धार लावण्याचा मोह

शनीभोवती कडे आहे हे शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनीच वाचलेले असते. परंतु ते कडे दुर्बिणीला डोळा लावून स्वतः पाहिले, की ते वाचणे आणि हे पाहणे यांत केवढे अंतर आहे ते कळते. सहा इंची दुर्बिणीत दिसणारा शनी म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याएवढे, फिकट पिवळसर, सारखे थरथरणारे चित्र. दोन-चार सेकंदांतून एकदा ते क्षणभर स्थिर होते, कडे व गोल यांच्यामधली काळी फट दिसते, आणि पुन्हा सारे पाण्याखाली गेल्यासारखे हलू लागते. तोच शनी मोबाइलवर कोणा हौशी छायाचित्रकाराने काढलेल्या चित्रात पाहावा, तर तो सोनाराने कोरून काढल्यासारखा लखलखीत असतो. या दोन शनींमधले अंतर कशाने भरून निघते, आणि ते भरताना खरे कोठे संपते व बनावट कोठे सुरू होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे; दहावीनंतर गणिताची व माझी फारशी गाठ पडलेली नाही. तेव्हा बेरीज, वजाबाकी व एखादे वर्गमूळ यांपलीकडचे गणित या लेखात येणार नाही, याची वाचकांनी खात्री बाळगावी.

काष्टी गावाला शनी नवा नाही. आमचा जनावरांचा बाजार शनिवारचा. शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात. साडेसातीची धास्ती तर घरोघर. शनीला सूर्याभोवती एक फेरी पुरी करायला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींनी भागले की एका राशीला जवळजवळ अडीच वर्षे येतात, आणि आपली रास व तिच्या दोन्ही बाजूंच्या अशा तीन राशी मिळून साडेसात. एवढे गणित सांगितले की दुर्बिणीजवळ उभ्या असलेल्या मंडळींची भीती थोडी कमी होते आणि कुतूहल वाढते. अशाच एका रात्री, उसाला पाणी धरून परत निघालेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आधी दुर्बिणीत शनी पाहिला, मग कोणीतरी मोबाइलवर दाखवलेला शनीचा फोटो पाहिला आणि विचारले, “डोळ्याला तर एवढं दिसंना बाळा, मग फोटूत हे कुठनं आलं?” मला वाटते, ग्रहांच्या छायाचित्रणावर याहून नेमका प्रश्न कोणी विचारलेला नसेल. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. काही आले ते आकाशातूनच आले. काही मात्र संगणकातून आले.

आधी आकाशातून आलेल्या भागाविषयी. ओढ्याच्या तळाशी पडलेले नाणे वरून पाहिले तर ते लांबते, आखडते, फुटल्यासारखे दिसते. आपणही हवेच्या अशाच एका ओढ्याच्या तळाशी उभे आहोत. थंड व गरम हवेचे थर एकमेकांत मिसळत असतात आणि ग्रहाचा प्रकाश त्यांतून येताना वाकडातिकडा होतो. परंतु ओढ्याचे पाणीही मधूनच एखादा क्षण शांत होते. पूर्वीचा निरीक्षक तासन् तास दुर्बिणीशी बसून तो क्षण टिपायचा व कागदावर पेन्सिलीने रेखाटायचा. आता तेच काम व्हिडिओने होते. सेकंदाला साठ चौकटी घेणारा कॅमेरा दोन मिनिटांत ७२०० चौकटी घेतो. त्यांतल्या बहुतेक थरथरलेल्या असतात. पण काही शेकडा चौकटी अशा निघतात की ज्या क्षणी हवा निवांत होती. संगणकावरील ऑटोस्टॅकर्टसारखी विनामूल्य मिळणारी प्रणाली या सर्व चौकटी तपासून प्रतवारी लावते, उत्तम तेवढ्या निवडते, त्या एकावर एक नेमक्या बसवते आणि त्यांची सरासरी काढते. डेव्हिड फ्रीड या शास्त्रज्ञाने १९७८ साली अशा ‘नशिबाने मिळालेल्या’ चौकटींची शक्यता गणिताने मांडली होती. आज ते काम घरच्या लॅपटॉपवर होते.

सरासरी कशासाठी? प्रत्येक चौकटीत खऱ्या प्रकाशाबरोबर थोडी खोटी चमकही असते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा एखादा बिंदू उगाच थोडा जास्त उजळतो, दुसरा कमी. याला आपण दाणे म्हणू. जुन्या फिल्मवर दिसत तसेच ते दिसतात. ग्रह प्रत्येक चौकटीत तोच असतो, दाणे मात्र दर वेळी वेगळ्या जागी पडतात. म्हणून अनेक चौकटींची सरासरी घेतली की ग्रह टिकतो आणि दाणे एकमेकांना खाऊन टाकतात. किती प्रमाणात? चौकटींच्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या. ९०० चौकटी घेतल्या तर दाणे तीस पटीने कमी. (हेच ते कबूल केलेले वर्गमूळ!) महाराष्ट्रात याचे गाजलेले उदाहरण म्हणजे मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने केलेले चंद्राचे चित्र. पुण्यात १९४४ पासून कार्यरत असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेशी तो संबंधित होता. सुमारे ५०,००० प्रतिमा, १८६ गिगाबाइट माहिती, आणि त्या सर्वांतून एक चंद्र. वर्तमानपत्रांनी ५०,००० हा आकडा एखाद्या विक्रमासारखा छापला. तो आकडा कशासाठी लागतो हे मात्र फार थोड्या ठिकाणी छापून आले. त्या चित्रात चंद्रावर निळसर व तांबूस छटा होत्या. त्या खडकांतील खनिजांमुळे असतात, डोळ्यांना मात्र जवळजवळ दिसत नाहीत, म्हणून मुद्दाम गडद केलेल्या होत्या; आणि तसे त्याने उघडपणे सांगितले होते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

सरासरीचे चित्र तयार झाले, की ते पाहून नवशिक्याची निराशाच होते. दाणे गेलेले असतात, पण चित्र साय धरलेल्या दुधासारखे मऊ दिसते. गुरूवरचे पट्टे दिसतात, पण कडा नाहीत. येथे रेजिस्टॅक्ससारखी प्रणाली पुढे येते. तिच्यात वेव्हलेट नावाच्या सहा सरकत्या पट्ट्या असतात. पहिली सर्वांत बारीक तपशिलावर काम करते, दुसरी त्याहून जाड, अशा क्रमाने. पट्टी उजवीकडे सरकवली की चित्राला धार येते. पट्ट्यांच्या कडा उठतात, लाल डाग वेगळा होतो, आणि बघणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबतो. मग आणखी थोडी सरकवावीशी वाटते. आणि आणखी थोडी.

ही धार म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय हात आवरत नाही. म्हणून कागद-पेन्सिल घेऊन एक छोटा खेळ करून पाहावा. समजा, ग्रहाच्या बिंबावर एका ओळीत उजेडाचे सहा आकडे आहेत: १०, १०, १०, ४०, ४०, ४०. डावीकडे काळसर पट्टा, उजवीकडे उजळ प्रदेश. आता प्रत्येक आकड्याच्या जागी तो आकडा व त्याचे दोन शेजारी यांची सरासरी लिहा. ओळ होते १०, १०, २०, ३०, ४०, ४०. ही झाली मूळ चित्राची पुसट प्रत. मूळ ओळीतून पुसट ओळ वजा करा: ०, ०, उणे १०, अधिक १०, ०, ०. म्हणजे जेथे कड आहे तेथेच काहीतरी उरले, बाकी सगळे शून्य. हे उरलेले मूळ ओळीत मिळवले, की झाली धार: १०, १०, ०, ५०, ४०, ४०.

आता ही शेवटची ओळ नीट पाहा. तिच्यात शून्य आहे आणि पन्नास आहे. मूळ ओळीत, म्हणजे आकाशात, हे दोन्ही आकडे नव्हते! काळसर पट्ट्याच्या कडेला त्याहूनही काळी रेघ आली, उजळ प्रदेशाच्या कडेला त्याहूनही पांढरी रेघ आली. डोळा फसतो तो येथे. दोन रेघा शेजारी आल्या की त्याला कड अधिक स्पष्ट वाटते. गंमत अशी की ही युक्ती संगणकाची नाहीच. काचेच्या निगेटिव्हवर तिचीच मुद्दाम पुसट केलेली उलटी प्रत ठेवून छापण्याची पद्धत अंधाऱ्या खोलीतल्या छायाचित्रकारांना ठाऊक होती, आणि ऑस्ट्रेलियातील डेव्हिड मॅलिन यांनी १९७०च्या दशकात तिचा उपयोग करून आकाशगंगांच्या प्लेटांवरून अत्यंत सुंदर चित्रे काढली. वेव्हलेट हे त्याच वजाबाकीचे सुधारलेले, थराथरांत केलेले रूप आहे.

दाण्याचे काय होते तेही पाहू. सपाट प्रदेश, त्यात एक खोटा दाणा: १०, १०, १३, १०, १०. सरासरीची ओळ १०, ११, ११, ११, १०. वजाबाकी ०, उणे १, अधिक २, उणे १, ०. बेरीज केली की १०, ९, १५, ९, १०. तीनने चुकलेला दाणा आता पाचने चुकला, आणि त्याच्याभोवती खंदकही खणला गेला! धार दुप्पट लावली तर १०, ८, १७, ८, १०. एका दाण्याचे असे झाले. बिंबावर हजारो दाणे असतील तर गुरूचा चेहरा देवी आल्यासारखा होतो, आणि त्यांतले चार दाणे योगायोगाने ओळीने आले तर निरीक्षक आनंदाने सांगतो की नवे वादळ दिसले. म्हणूनच आधी सरासरी, नंतर धार, हा क्रम उलटवता येत नाही. ९०० चौकटींच्या सरासरीने तीनची चूक ०.१ वर आली, की मग धार सोसवते. थोड्या चौकटी घेऊन जास्त धार लावणे म्हणजे दुष्काळात विहीर आणखी उपसण्यासारखे आहे. तळाचा गाळच वर येतो.

मग धार लावूच नये काय? तसे मुळीच नाही. काहीजण तसे सोवळेपण दाखवतात, मला ते पटत नाही. हवेने व आरशाने चित्र आधीच पुसट केलेले आहे. खरी कड त्यांनी विरघळवली आहे. बेताची धार त्या विरघळण्याची काही अंशी भरपाई करते. सरासरीच्या चित्रात जो तपशील मंद रूपात नोंदलेला आहे तो वर आणणे न्याय्यच. जो नोंदलाच गेला नाही, तो मात्र कोणतीही पट्टी आणू शकत नाही. ती त्याच्यासारखे दिसणारे काहीतरी आणून ठेवते.

आमच्या बाजारातले उदाहरण देतो. बैल विकायला आणताना शेतकरी त्याला धुतो, तेल लावतो, शिंगे साळतो, रंगवतो. यात कोणाला वावगे वाटत नाही. बाजारात धुळीने माखलेला बैल कोण आणील? पण शिंगे साळली म्हणून बैलाचे वय कमी होत नाही. जाणकार गिऱ्हाईक शिंगांकडे पाहतही नाही. तो सरळ तोंड उघडून दात बघतो: आदत, दोन दाती, चार दाती, की जुळलेला. ग्रहाच्या छायाचित्राचेही असे दात असतात आणि ते बघायला शिकता येते.

पहिला दात म्हणजे ग्रहाची कड. धार जास्त झालेल्या चित्रात बिंबाच्या कडेला पांढरी किनार येते आणि तिच्या आत समांतर अशी काळी कमान. मंगळाच्या उजळ कडेला तर ही कमान हमखास उमटते. इंग्रजी निरीक्षक तिला फळाच्या सालीची उपमा देतात. खऱ्या गुरूची कड उलट मंद असते, बिंब कडेकडे हळूहळू अंधारत जाते. चित्रातला गुरू कडेलाच सर्वांत तेजस्वी दिसला तर तोंड उघडून पाहायची गरज नाही. दुसरा दात म्हणजे गुरूचे चंद्र. त्यांच्याभोवती आकाशापेक्षाही काळे वलय दिसले, तर तो आपल्या ओळीतला ‘शून्य’ आहे असे समजावे. चंद्राच्या (आपल्या) चित्रात विवरांच्या कडा चुना ओतल्यासारख्या पांढऱ्याफटक होतात.

सर्वांत मोठा दात मात्र दुर्बिणीच्या आरशाचा आहे. विल्यम डॉज या इंग्रज निरीक्षकाने एकोणिसाव्या शतकात जोडताऱ्यांवरून एक साधा नियम काढला: ११६ या आकड्याला आरशाच्या मिलीमीटरमधील व्यासाने भागावे, म्हणजे ती दुर्बीण किती विकलांपर्यंतचे दोन बिंदू वेगळे दाखवील ते कळते. (एका अंशाच्या ३६०० विकला.) सहा इंच म्हणजे सुमारे १५० मिलीमीटर, उत्तर येते ०.७७ विकला. प्रतियुतीच्या सुमारास गुरूचे बिंब साधारण ४५ विकलांचे असते. भागाकार केला तर बिंबाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अठ्ठावन्न ठिपके बसतात. शनीच्या गोलावर पंचवीसच्या आसपास. हे आकडे मी भगिनीवर्गाला मुद्दाम सांगेन, कारण ठिपक्यांची रांगोळी त्यांच्याइतकी कोणाला कळते? पंचवीस ठिपक्यांच्या रांगोळीत किती नक्षी बसते हे ठरलेले आहे. चित्र संगणकावर चौपट मोठे केले म्हणून अंगणातले ठिपके वाढत नाहीत. कोणी सहा इंची दुर्बिणीच्या चित्रात शंभर ठिपक्यांची नक्षी दाखवू लागला, तर वरची नक्षी त्याच्या हातची.

शनीच्या कड्यांवर हा हिशोब फार उद्बोधक ठरतो. कड्यांमधली प्रसिद्ध कॅसिनी फट सुमारे ४,७०० किलोमीटर रुंद आहे. शनी १३० कोटी किलोमीटरवर असताना ती पाऊण विकलेची दिसते, म्हणजे सहा इंची दुर्बिणीच्या अगदी हद्दीवर. काळी रेघ असल्यामुळे चांगल्या रात्री ती दिसतेही. एंके नावाची दुसरी फट मात्र अवघी ३२५ किलोमीटरची. ती पडते ०.०५ विकला. तरीही लहान दुर्बिणींच्या चित्रांत ‘एंके फट’ असे बाण काढून दाखवलेले असते. कड्याच्या बाहेरच्या कडेला धारेने जी काळी रेघ आणली, ती नेमकी त्या जागेच्या जवळपास पडते, आणि पुस्तकात तेथे फट आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते! दोन्हींची गाठ पडली की फट ‘सापडते’. मार्च २०२५ मध्ये कड्यांची धार पृथ्वीकडे आली होती, त्यानंतर ती पुन्हा सावकाश उघडू लागली; अरुंद कड्यांच्या वर्षांत तर असला दावा अधिकच जपून वाचावा.

आपल्याला जे ठाऊक असते ते आपल्याला दिसू लागते, ही गोष्ट खगोलशास्त्राने एकदा फार महागात शिकली आहे. १८७७ साली मिलान येथे शियापारेली यांनी मंगळावर रेषा पाहिल्या व त्यांना इटालियन भाषेत ओघळ, चर अशा अर्थाचा शब्द वापरला. इंग्रजीत त्याचे ‘कालवे’ झाले. कालवा म्हटला की तो खणणारा आला. अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल यांनी १८९४ मध्ये वेधशाळा उभारली व शेकडो कालव्यांचे नकाशे काढून, पाण्यावाचून सुकत चाललेल्या शहाण्या मंगळवासीयांची कहाणी जगाला सांगितली. (कुकडी-घोडच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या तालुक्याला ती कहाणी नक्कीच पटली असती.) लॉवेल लबाड नव्हते, त्यांना रेषा दिसत होत्या. १९०३ मध्ये ग्रिनिच येथे माँडर व इव्हान्स यांनी शाळेतल्या मुलांवर एक प्रयोग केला. मंगळाचे एक चित्र, ज्यात ठिपके व छाया होत्या पण रेषा नव्हत्या, भिंतीवर लावून मुलांना आपापल्या बाकावरून त्याची नक्कल करायला सांगितली. फार जवळच्यांनी ठिपके काढले, मधल्या अंतरावरच्या पुष्कळ मुलांनी सरळ रेषा काढल्या. पुढे १९०९ मध्ये फ्रान्समधील म्यूदाँ येथील ८३ सेंटिमीटरच्या मोठ्या दुर्बिणीतून अंतोनियादी यांनी मंगळ पाहिला, तेव्हा रेषांच्या जागी विस्कळीत डाग आढळले. आणि जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ यान जवळून गेले तेव्हा कालव्यांऐवजी विवरे दिसली. लॉवेल यांच्या वेळी धार लावणारी पट्टी मेंदूत होती, आज ती पडद्यावर आहे. मेंदूतली अजूनही आहेच.

त्यातून मोबाइलची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्यासारखे अनेकजण स्वतंत्र कॅमेरा घेऊ शकत नाहीत. नेत्रभिंगाला मोबाइल टेकवूनच व्हिडिओ घेतात. तो मार्ग वाईट नाही. परंतु मोबाइल स्वतःच चित्राला धार लावून, दाणे पुसून, वर ते दाबून लहान करून आपल्या हाती देतो. म्हणजे आपण पट्टीला हात लावण्यापूर्वीच एक धार लागून गेलेली असते. म्हणून शक्य असेल तेथे कॅमेऱ्याची प्रणाली हाताने चालवावी, धार शून्यावर ठेवावी, उजेड असा ठेवावा की गुरूचा मधला पांढरा पट्टा जळून जाणार नाही. मार्च २०२३ मध्ये तर एक मासलेवाईक प्रकरण झाले. एका माणसाने चंद्राचे चित्र मुद्दाम लहान व पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावले आणि अंधाऱ्या खोलीतून सॅमसंगच्या मोबाइलने त्याचा फोटो काढला. फोटोत विवरे उमटली, जी पडद्यावर नव्हतीच! दृश्यात चंद्र आहे हे ओळखून तपशील उठावदार करणारी व्यवस्था मोबाइलमध्ये आहे, असे कंपनीने स्पष्ट केले. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पुढाऱ्यांचे चेहरे गोरे व गुळगुळीत होतात ते आपण हसून सोडून देतो. चंद्राच्या बाबतीत असे झाले तर सोडून देता येईल काय?

कारण हौशी लोकांची चित्रे केवळ भिंतीवर लावण्यासाठी नसतात. १९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या हौशी निरीक्षकाला आपल्या घरच्या दुर्बिणीने घेतलेल्या चित्रांत गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग आढळला. काहीतरी गुरूवर आदळले होते. त्याने कळवताच हवाईमधील नासाच्या मोठ्या दुर्बिणीने त्या जागेचे निरीक्षण केले व ते खरे ठरले. विचार करा, त्याच्या चित्रांत नेहमीच धारेने आणलेले असे चार-दोन काळे डाग असते, तर हा पाचवा त्याला ओळखू तरी आला असता काय? आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला असता काय?

वेस्लीने डाग खरा कसा ठरवला, त्यातच सर्वांत चांगली कसोटी आहे: तो ग्रहाबरोबर फिरला. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. बिंबाच्या मध्यावरचा डाग दर मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. (त्यामुळेच सहा इंची दुर्बिणीसाठी एक व्हिडिओ तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये, नाहीतर चित्र फिरण्यानेच पुसट होते.) म्हणून एक व्हिडिओ घ्यावा, वीस मिनिटांनी दुसरा घ्यावा, दोन्हींवर स्वतंत्रपणे काम करावे. खरा तपशील दुसऱ्या चित्रात पाच विकलांच्या आसपास पुढे गेलेला दिसेल. दाण्यांपासून तयार झालेला तपशील दुसऱ्या चित्रात नाहीसा होईल. कडेची साल मात्र आहे त्याच जागी राहील, कारण ती गुरूची नाही. याला ना महागडी प्रणाली लागते, ना पदवी.

सरकत्या पट्टीवर हात कोठे थांबवावा याचे सूत्र मला कोठे मिळाले नाही, आणि ते असेल असे वाटत नाही. माझी पद्धत अशी: कडेला पांढरी किनार येईपर्यंत पट्टी सरकवायची, मग किनार जाईपर्यंत मागे घ्यायची, आणि तेथून आणखी थोडी मागे. पहिली, सर्वांत बारीक तपशिलाची पट्टी जवळजवळ हलवायचीच नाही, कारण दाणे तिच्यातच राहतात. चित्र तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी उजेडात पाहायचे. रात्री दीड वाजता, दोन तास एकाच चित्राकडे पाहिल्यावर डोळ्याची चव जाते. जास्त तिखटाची सवय झालेल्या जिभेला साधी आमटी अळणी लागते तसे. शिवाय धार न लावलेले सरासरीचे चित्र कधीही पुसून टाकू नये. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी दौंड-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथे तळ ठोकून निरीक्षणे केली व पुढे त्यांचा सविस्तर अहवाल छापला. मापे, वेळा, उपकरणे, सगळे लिहून ठेवलेले. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात हे काम सव्वाशे वर्षांपूर्वी झाले आहे. आपण निदान चित्राखाली तारीख, वेळ, दुर्बिणीचा व्यास, घेतलेल्या व निवडलेल्या चौकटींची संख्या, आणि रंग अथवा धार वाढवली असल्यास तसे लिहायला काय हरकत आहे? प्रथमेशने रंगांविषयी सांगितले होते ते असेच. सांगून गडद केलेला रंग हा नकाशातल्या रंगासारखा असतो. न सांगता केलेला, तो दुसऱ्या जातीचा.

धारेची गरजच कमी पडावी असेही बरेच काही आपल्या हातात असते. संध्याकाळी घराच्या स्लॅबवर दुर्बीण लावू नये. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा टाकत असतो आणि पत्र्याचे छप्पर शेजारी असेल तर विचारूच नका. शेताचा बांध किंवा मातीचे अंगण बरे. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवली की आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होतो. ग्रह डोक्यावर येईपर्यंत थांबावे. आणि या बाबतीत काष्टीकरांनी स्वतःला भाग्यवान समजावे. आपण साडेअठरा अक्षांशावर आहोत. २०२० साली गुरू व शनी आकाशाच्या दक्षिण भागात होते, तेव्हा लंडनच्या निरीक्षकाला गुरू क्षितिजापासून जेमतेम सोळा-सतरा अंश वर चढलेला मिळे. प्रकाशाला डोक्यावरच्या हवेच्या साडेतीन पट हवा ओलांडावी लागे. आपल्याकडे तोच गुरू पन्नास अंशांच्या जवळ चढत होता. आणि जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला तो मिथुन राशीत, मध्यरात्री जवळजवळ आपल्या माथ्यावर होता. ज्यांच्या चित्रांचा आपण हेवा करतो त्यांतल्या पुष्कळांना हे आकाश मिळत नाही.

१९ फेब्रुवारी २०२७ रोजी मंगळाची प्रतियुती आहे. ऑगस्ट २००३ मध्ये मंगळ पाच कोटी सत्तावन्न लाख किलोमीटरवर आला होता व त्याचे बिंब पंचवीस विकलांचे झाले होते. या वेळी ते चौदा विकलाही भरणार नाही. सहा इंची दुर्बिणीला अठरा ठिपके. एवढ्या लहान बिंबावर पट्टीचा मोह सर्वांत जास्त होतो. ध्रुवावरची पांढरी टोपी आणि सिर्टिस मेजर हा काळसर त्रिकोणी प्रदेश एवढे जरी त्या अठरा ठिपक्यांत उतरले तरी पुष्कळ झाले. मंगळ २४ तास ३७ मिनिटांत फिरतो, त्यामुळे रोज ठरलेल्या वेळी पाहिले तर समोरचा भाग दररोज सुमारे नऊ अंशांनी मागे पडतो, आणि सगळा मंगळ नजरेखालून जायला चाळीस दिवस लागतात. सिर्टिस मेजर त्यांतल्या काही रात्रीच समोर असेल. इतर रात्री तो चित्रात नसेल, आणि नसलाच पाहिजे.